शाळा, ताल आणि ३१ मार्च

संगणकीय खेळांचा इतिहास हा आपल्या पत्रिकेचा नेहमीचा विषय नव्हे. नातवंडांच्या हातातील भ्रमणध्वनीवरचा उद्योग, एवढ्यावरच आपण तो सोडून देतो. तथापि जपानमधील एका ताल-खेळाची हकीकत महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांनी मुद्दाम जाणून घ्यावी, असे आम्हांस वाटते. तिच्या मुळाशी पटसंख्येअभावी बंद पडू घातलेली एक शाळा आहे.

ताल-खेळाचे स्वरूप साधे असते. गाणे चालू असताना पडद्यावर लयीबरोबर खुणा सरकत येतात. खूण ठरल्या जागी पोहोचताच बटण दाबावयाचे किंवा बोट टेकवावयाचे. मात्रेवर अचूक हात पडला की गुण मिळतात. मांडीवर ताल धरून गाणे ऐकणाऱ्यांना यातील गोडी वेगळी सांगावयास नको. या प्रकाराला जपानमध्ये घाट मिळाला तो १९९६ साली, मासाया मात्सुउरा या संगीतकाराच्या ‘पाराप्पा द रॅपर’ या खेळाने. पुढच्याच वर्षी कोनामी कंपनीचा ‘बीटमेनिया’ आला आणि १९९८ साली पायांनी ताल धरावयाचा ‘डान्स डान्स रेव्होल्यूशन’. २००१ साली नामको कंपनीने ताइको या जपानी ढोलावर बेतलेला खेळ आणला.

आमच्या विषयाचा खेळ मात्र एका कथेतून जन्मला. २०१० साली ‘लव्ह लाइव्ह!’ हा गीत-कथांचा उपक्रम सुरू झाला आणि जानेवारी २०१३ पासून त्यावरील ॲनिमे, म्हणजे जपानी शैलीची चित्रमालिका, दाखविली जाऊ लागली. टोकियोत ओतोनोकिझाका नावाची मुलींची एक काल्पनिक शाळा आहे. नव्या विद्यार्थिनी येईनाशा झाल्याने ती बंद करण्याचे ठरते. तेव्हा होनोका ही विद्यार्थिनी मैत्रिणींना गोळा करून नऊजणींचे गायन-नृत्य पथक उभारते. शाळेचे नाव लोकांपुढे जावे व प्रवेशाचे अर्ज वाढावेत, एवढाच हेतू. शाळा वाचते.

कथा काल्पनिक असली तरी तिचे कारण खरे आहे. जन्मदर घटल्याने जपानमध्ये २००२ ते २०२० या काळात साडेआठ हजारांहून अधिक सार्वजनिक शाळा बंद झाल्या. त्यामुळे तेथील प्रेक्षकांना ही गोष्ट परकी वाटण्याचे कारण नव्हते.

१५ एप्रिल २०१३ रोजी या कथेवरील ‘स्कूल आयडल फेस्टिव्हल’ हा भ्रमणध्वनीवरील ताल-खेळ निघाला. केलॅब कंपनीने तो तयार केला आणि बुशिरोडने प्रकाशित केला. पडद्यावर अर्धवर्तुळात नऊ मुलींची नऊ वर्तुळे असत. मध्यातून निघालेली खूण ज्या मुलीच्या वर्तुळात पोहोचेल तेथे बोट टेकवावयाचे. खेळ अतिशय लोकप्रिय झाला. पात्रांना आवाज देणाऱ्या नऊ गायिका ३१ डिसेंबर २०१५ रोजी एनएचकेच्या वर्षअखेरच्या प्रतिष्ठित संगीत कार्यक्रमातही गायल्या.

२०१६ साली आलेली दुसरी कथा आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. नुमाझू या समुद्रकाठच्या शहरातील उरानोहोशी नावाची शाळा दुसऱ्या शाळेत विलीन होणार असते. मुदतीत शंभर अर्ज आले तरच ती टिकणार. अर्ज येतात अठ्ठ्याण्णव. दोन अर्जांनी शाळा जाते. मग मुली ठरवितात की, शाळा वाचली नाही तरी स्पर्धा जिंकून तिचे नाव इतिहासात नोंदवावयाचे; आणि ते त्या नोंदवितात.

पुढे खुद्द खेळावरही हीच पाळी आली. ३१ मार्च २०२३ रोजी तो बंद झाला. एप्रिलमध्ये निघालेली त्याची पुढील आवृत्तीही जपानमध्ये ३१ मार्च २०२४ रोजी संपली. आमची सारी नोकरी या तारखेच्या धाकात गेली. जपानमध्येही आर्थिक वर्ष आणि शालेय वर्ष त्याच दिवशी संपते. गाणी तबकड्यांवर राहिली, मालिका आजही पाहता येते. परंतु खेळ कंपनीच्या संगणकांवर अवलंबून होता. ती यंत्रणा थांबली आणि दहा वर्षे रोज त्यावर ताल धरणाऱ्यांना तो पुन्हा खेळता येईना. ज्याची प्रत लोकांच्या घरी होती तेवढेच उरले.

आपल्या पूर्वजांनी संस्थानांच्या गावोगावी मराठी शाळा काढल्या, वर्गणी गोळा केली, इमारती बांधल्या. त्यांतील अनेक शाळांचा पट रोडावला आणि कित्येकींना कुलूप लागले. जेथे वर्ग अद्याप भरतो तेथे उरानोहोशीचे ते दोन अर्ज आपण आठवावेत; आपल्या घरातील एक मूल कदाचित त्या दोहोंपैकी असेल. जेथे शाळा उरली नाही, तेथील दाखल-खारिज रजिस्टरे, शेरेबुके, स्मरणिका आणि स्नेहसंमेलनांची छायाचित्रे कोणाच्या माळ्यावर आहेत याची चौकशी आजच करावी. एकाच कपाटात एकच प्रत ठेवू नये. तिच्या नकला करून घरोघरी द्याव्यात. आपल्या मंडळाने येत्या ३१ मार्चपूर्वी निदान एका बंद शाळेचे दप्तर असे जमवावे, ही आमची विनंती आहे.