महाकायाचे विडंबन आणि ग्राम्यतेचा प्रश्न

रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर (१९८१ पर्यंत ह्या जिल्ह्यास कुलाबा म्हणत) फाल्गुनात होळी पेटली की कोळ्या-आगऱ्यांच्या वस्त्यांत भाषेचे नेहमीचे बंध काही काळ सैल होतात. बोंब ठोकली जाते, सोंगे निघतात, आणि एरवी चारचौघांत ज्याचा उच्चारही व्हावयाचा नाही असे शब्द वडीलधाऱ्यांच्या देखत, गाण्याच्या चालीवर, मोठ्या आवाजात म्हटले जातात. एकोणिसाव्या शतकातील सुधारकांनी ह्या प्रकारावर कडक टीका केली आणि पुढील काळातील बऱ्याच अभ्यासकांनी तो 'अवशिष्ट रानटीपणा' म्हणून बाजूस सारला. परंतु ह्या ग्राम्य हास्याचे लक्ष्य कोण असते, हा प्रश्न क्वचितच विचारला गेला. ते लक्ष्य बहुधा मोठे असते: देव, दैत्य, राजा, शूर पुरुष. हास्य ग्राम्य असते आणि ज्याला हसावयाचे तो महाकाय असतो, ही जोडी इतक्या ठिकाणी आढळते की तिला योगायोग म्हणता येत नाही.

ह्या जोडीचे सर्वांत स्पष्ट रूप दक्षिण कोकणातील दशावतारात दिसते. दशावताराच्या पूर्वरंगात, म्हणजे आडदशावतारात, गणपती, सरस्वती, ब्रह्मदेव ह्यांच्यामागून संकासुर येतो. पुराणातील शंखासुर हा वेद पळविणारा दैत्य; त्याच्या निर्दालनासाठी विष्णूस मत्स्यावतार घ्यावा लागला. रंगभूमीवर मात्र हा भयंकर दैत्य काळ्या वेषात, तोंड झाकून, गावच्या बोलीत थट्टा करीत येतो. ब्रह्मज्ञानाचा अपहार केलेला हा असुर सूत्रधाराशी घरगुती, कधी चावट हुज्जत घालतो, आणि अखेर विष्णूकडून मारला जातो. बाणकोटच्या खाडीपलीकडे दापोली-गुहागरकडील शिमग्याच्या खेळ्यांतही तो आहे. तेथे उंच टोपी, पांढरी दाढी आणि पायांतील घुंगरे ही त्याची ओळख. पूर्वरंग संपल्यावर जे आख्यान लागते त्यात पुन्हा दैत्यच येतो, परंतु तेथे तो गंभीर असतो: त्याची गर्जना, त्याची चाल, त्याचे युद्ध ह्यांत थट्टेला वाव नसतो. एकाच रात्री, त्याच प्रेक्षकांपुढे, दैत्याचे विडंबन आधी आणि दैत्य नंतर, असा हा क्रम आहे. विडंबनामुळे मूळ वस्तूवरील श्रद्धा ढळते असे मानणाऱ्यांनी हा क्रम विचारात घ्यावयास हवा.

रायगड किनाऱ्याची मिरास दशावताराची नव्हे. तेथे कुणबी समाजाचा बाल्या नाच, म्हणजे जाखडी, रुजलेला आहे. गौरी-गणपतीच्या दिवसांत तो घुमू लागतो, आणि गिरणगावात कामास गेलेल्या चाकरमान्यांनी तो मुंबईसही नेला. त्यात प्रथम गण, मग गौळण, आणि मग शक्तिवाले व तुरेवाले ह्यांचे सवाल-जवाब. गणात ज्या देवाची प्रार्थना होते त्याच्याच सभेत पुढे प्रतिपक्षाची यथेच्छ टवाळी होते. आणि वाद वरकरणी तरी शिव मोठा की शक्ती मोठी, ह्या तात्त्विक प्रश्नावरचा असतो. घाटावरील तमाशातही गण-गौळणीची हीच मांडणी आहे. तमाशाच्या गौळणीत गोवर्धन उचलणारा कृष्ण मथुरेच्या वाटेवर दुधा-दह्याचे दाण मागणारा नाकेदार होतो, पेंद्या त्याचा कारकून होतो आणि पुरुषाने वठविलेली मावशी दोघांनाही पुरून उरते. अवताराचा जकातदार करणे ह्यासारखे नेमके विडंबन दुसरे सुचणे कठीण.

शहरी रंगभूमीचा इतिहास थोड्या निराळ्या वाटेने येथेच पोहोचतो. १८४३ साली सांगलीस विष्णुदास भावे ह्यांनी 'सीतास्वयंवर' केले. त्या परंपरेतील नाटकांत राक्षसांच्या आरडाओरड्यास मोठे स्थान होते. म्हणूनच पुढील पिढीने त्यांना 'अललडुर्र' नाटके असे नाव ठेवले. हे नावच एक विडंबन आहे. पौराणिक खेळानंतर प्रहसन, म्हणजे तेव्हाच्या भाषेत फार्स, करण्याची प्रथा पुढील दशकांत पडली. राक्षसाने दणाणून सोडलेल्या रंगमंचावरच मग म्हातारा नवरा, ढोंगी भट आणि तरुण बायको ह्यांची लफडी रंगू लागली. क्रम येथे उलटला: आधी महाकाय, मग थट्टा. तरी दोन्ही वस्तू एकाच तिकिटात मिळत, हे महत्त्वाचे.

सरकारचे लक्ष ह्या दोहोंकडे वेगवेगळ्या कारणांसाठी गेले. १८७६ च्या नाट्यप्रयोगविषयक कायद्यात बदनामी, राजद्रोह आणि नीतिभ्रष्टता अशी तिन्ही कारणे एकत्र आहेत. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर ह्यांचे 'कीचकवध' (१९०७) हे पौराणिक नाटक १९१० साली बंद झाले ते राजद्रोहासाठी. कीचकाच्या जागी प्रेक्षकांस कर्झन दिसत होता. महाकायाला गंभीरपणे मारले तर तो राजद्रोह, हसत मारले तर अश्लीलता, असा हा न्याय होता. स्वराज्यातही दुसरी बाजू फारशी बदलली नाही. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली, ती पुढे संहिता तपासून घेण्याच्या अटीवर उठली, आणि १९५४ पासून परिनिरीक्षण मंडळाची व्यवस्था आली. ह्या व्यवस्थेत एक मूलभूत विसंगती होती, ती अशी की तपासावयाची होती ती संहिता, आणि तमाशातील बतावणीला संहिताच नव्हती. सोंगाड्या समोरचा प्रेक्षक पाहून बोले. जे कागदावर आले ते त्याच्या बोलण्याचा सांगाडा होते, आणि जे प्रयोगात घडले ते कागदावर नव्हते.

हरिभाऊ वडगावकर ह्यांचे 'गाढवाचं लग्न' हे वगनाट्य ह्या संदर्भात लक्षात घेण्याजोगे आहे. शापाने गाढव झालेला गंधर्व आणि त्याचा राजकन्येशी विवाह, हा त्याचा मूळ कणा जुन्या अद्भुत कथेचा. परंतु दादू इंदुरीकर ह्यांनी सावळ्या कुंभार उभा केला आणि स्वर्ग, शाप, राजवाडा हे सगळे त्या कुंभाराच्या अंगणात उतरविले. १९७३ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. ज्या बोलण्याला एका दशकात कात्री लावावयाची त्याच बोलण्याला दुसऱ्या दशकात राष्ट्रीय सन्मान द्यावयाचा, ह्याचा अर्थ त्या बोलण्यात फरक पडला होता असा नव्हे.

ही जोडी केवळ आपल्याकडचीच आहे काय? जपानी चित्रमालिकांचे उदाहरण येथे उद्बोधक आहे, कारण तेथे महाकाय हा देव किंवा दैत्य नसून यंत्र आहे. मित्सुतेरु योकोयामा ह्यांच्या 'तेत्सुजिन २८' (१९५६) ह्या चित्रकथेतील प्रचंड यंत्रमानव दुरून चालविला जाई. १९७२ साली गो नागाई ह्यांच्या 'माझिंगर झेड'ने नायकाला थेट यंत्राच्या मस्तकात बसविले, आणि एका नव्या वीरकथेचे व्याकरण ठरले: शास्त्रज्ञाची प्रयोगशाळा, असामान्य ऊर्जा, दर आठवड्यास नवा शत्रू, शस्त्राचे नाव ओरडून केलेला प्रहार. आता हेच नागाई १९६८ पासून 'हारेन्ची गाकुएन' ही शालेय जीवनावरील अत्यंत चावट चित्रकथा लिहीत होते, आणि तिच्याविरुद्ध जपानमधील पालक-शिक्षक संघांनी मोठा गदारोळ केला होता. वीरकथा आणि ग्राम्य हास्य येथे एकाच लेखणीतून उतरले आहे. पुढे २०१४ साली आलेल्या 'केन्झेन रोबो डायमिडालर' ह्या मालिकेने हे दोन्ही धागे उघडपणे एकत्र बांधले. 'केन्झेन' म्हणजे निकोप, सदाचारी. आणि ह्या निकोप यंत्राला चालविणारी शक्ती म्हणजे नायकाची कामवासना. जुन्या मालिकांतील गूढ किरणांच्या व ऊर्जांच्या जागी ही ऊर्जा ठेवली की बाकीचे व्याकरण जसेच्या तसे चालते, हाच त्यातला विनोद. शत्रूही पेंग्विन पक्ष्यांच्या वेषातील साम्राज्य आहे. रुचीच्या दृष्टीने ही मालिका सामान्यच म्हणावी लागेल. परंतु तिचा कर्ता मूळ वीरकथा पाठ असलेला आणि तिच्यावर प्रेम करणारा आहे, ह्याविषयी शंका राहत नाही. संकासुराचेही असेच आहे. वेदहरणाची कथा ज्यास ठाऊक नाही त्याला संकासुर केवळ काळा बुरखा घेतलेला विदूषक वाटेल.

महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचले ते मात्र दुसरे उदाहरण. योशितो उसुई ह्यांची 'क्रेयॉन शिन-चान' ही चित्रकथा १९९० साली जपानमधील प्रौढांच्या साप्ताहिकात सुरू झाली; १९९२ पासून ती दूरचित्रवाणीवर आली. तिच्यातील पाच वर्षांच्या मुलाचे आवडते दैवत म्हणजे कांताम रोबो, आणि ह्या नावातच १९७९ च्या 'गुंडाम' ह्या गाजलेल्या यंत्रमानवमालिकेची नक्कल आहे. भारतात ती २००६ साली हंगामा ह्या मुलांच्या वाहिनीवर लागली, २००८ साली केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने तिच्यावर बंदी आणली, आणि काटछाट होऊन ती परत आली. प्रौढांचे साप्ताहिक, मग कुटुंबाचा दूरचित्रवाणीसंच, मग परदेशातील मुलांची वाहिनी, असा हा प्रवास आहे. ह्यात विनोद जवळजवळ तोच राहिला. बदलत गेली ती त्याच्याभोवतीची चौकट. पालकांची तक्रार निराधार होती असे नव्हे, परंतु ती खरे पाहता चौकट मोडल्याची तक्रार होती.

संस्कृत साहित्यशास्त्राला ही गोष्ट अवगत होती. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'च्या सातव्या उल्लासात ग्राम्य आणि अश्लील ह्यांना दोष म्हटले; पण तेथेच तो सांगतो की नीच पात्रांच्या मुखी ग्राम्यता हा गुण होतो, आणि अश्लीलही विशिष्ट प्रसंगी गुण ठरतो. दोष शब्दात नाही, वक्ता, श्रोता आणि प्रसंग ह्यांच्या संबंधात आहे. १८६० च्या दंडसंहितेतील कलम २९४ मध्येही सार्वजनिक ठिकाणचे अश्लील गाणे गुन्हा ठरते ते इतरांस त्रास झाला तरच, आणि २०२४ पासून लागू झालेल्या न्यायसंहितेतील कलम २९६ मध्ये ती अट कायम आहे. शिमग्याच्या रात्री वस्तीतल्या वस्तीत कोणास त्रास होतो, हा प्रश्न म्हणून अगदी व्यावहारिक आहे. तेच गाणे ध्वनिक्षेपकावरून पर्यटकांच्या गर्दीत लागले की उत्तर बदलते. आणि अलिबाग-मुरूडच्या किनाऱ्यावर आज ही दुसरी परिस्थिती दुर्मीळ राहिलेली नाही.

इतिहासाच्या अभ्यासकापुढील अडचण ह्याहून वेगळी आहे. शिमग्याची गाणी, जाखडीतील उणेदुणे, बतावणी ह्यांपैकी जे छापील संग्रहांत आले ते बहुधा गाळून आले: गण सापडतो, गौळण निम्मी सापडते, टवाळी सापडत नाही. ह्या गाळलेल्या भागाचे जे पुरावे उरतात ते प्रायः त्याच्या विरोधकांच्या लेखणीतले, म्हणजे सुधारकांचे निबंध, वृत्तपत्रांतील तक्रारी, मंडळाने लाल पेन्सिलीने खोडलेल्या ओळी. खोडलेली ओळ वाचता येत असेल तर तीच सर्वांत विश्वासार्ह, कारण प्रयोगात काय बोलले जाणार होते हे निदान ती तरी सांगते.