एचआयव्हीबाधित अनाथ बालकांचे आर्थिक पालकत्व

एचआयव्हीबाधित अनाथ बालकांचे आर्थिक पालकत्व म्हणजे एचआयव्हीसह जगणाऱ्या आणि आईवडिलांचे छत्र हरपलेल्या मुलाच्या निवास, आहार, शिक्षण व आरोग्याचा खर्च देणगीदाराने ठराविक काळासाठी उचलणे होय. बोलीभाषेत याला 'मूल दत्तक घेणे' असेही म्हटले जाते. तथापि हे कायदेशीर दत्तकविधान नाही. देणगीदाराला मुलावर कोणताही पालकीय अधिकार मिळत नाही आणि मुलाचे राहण्याचे ठिकाण किंवा नाव बदलत नाही. महाराष्ट्रात पुणे, पंढरपूर, लातूर, बीड व अहिल्यानगर येथील स्वयंसेवी संस्था अशा मुलांचा सांभाळ करतात.

पार्श्वभूमी

बालकांमधील बहुतांश एचआयव्ही संसर्ग गर्भारपणात, प्रसूतीच्या वेळी किंवा स्तनपानातून आईकडून होतो. कोणताही उपचार न केल्यास हा धोका १५ ते ४५ टक्के असतो. योग्य औषधोपचाराने तो ५ टक्क्यांच्या खाली आणता येतो. उपचार न मिळालेल्या बाधित अर्भकांपैकी सुमारे निम्मी दोन वर्षांची होण्यापूर्वी दगावतात. त्यामुळे उपचार सहज उपलब्ध नसताना या मुलांसाठीचे काम मुख्यतः शुश्रूषेचे होते.

भारत सरकारने १ एप्रिल २००४ पासून शासकीय रुग्णालयांत एचआयव्हीवरील विषाणूरोधक औषधे (एआरटी) मोफत देण्यास प्रारंभ केला. बालकांसाठीचा स्वतंत्र राष्ट्रीय उपक्रम २००६ च्या अखेरीस सुरू झाला. २०१७ पासून संसर्ग आढळलेल्या प्रत्येक व्यक्तीस तत्काळ औषधे सुरू करण्याचे धोरण आहे. नियमित औषधे घेणारी मुले आता प्रौढ वयापर्यंत पोहोचतात. परिणामी, देणगीतून भागवायच्या गरजांचे स्वरूपही बदलले आहे.

देणगीचा विनियोग

मूळ औषधे शासनाकडून मोफत मिळत असल्याने देणगीचा मोठा भाग औषधांवर खर्च होत नाही. औषधांचा उपयोग व्हावा यासाठी आवश्यक असलेल्या बाबींवर तो खर्च होतो. पुरेसा व प्रथिनयुक्त आहार, एआरटी केंद्रापर्यंतचा प्रवास, संधिसाधू आजारांवरील उपचार, वेळेवर गोळ्या देणाऱ्या काळजीवाहकांचे मानधन, शालेय शुल्क आणि समुपदेशन यांचा त्यात समावेश होतो. औषधांत वारंवार खंड पडल्यास विषाणू त्यांना दाद देत नाही व अधिक प्रभावी औषधे द्यावी लागतात. म्हणून एकरकमी मोठ्या देणगीपेक्षा दीर्घकाळ नियमित येणारी लहान रक्कम संस्थेच्या नियोजनास अनेकदा अधिक उपयुक्त ठरते.

महाराष्ट्रातील संस्था

अहमदनगर (आता अहिल्यानगर) येथे गिरीश कुलकर्णी यांनी १९८९ मध्ये 'स्नेहालय' सुरू केले. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या मुलांपासून सुरू झालेले हे काम पुढे एचआयव्हीबाधित बालकांपर्यंत विस्तारले. पुण्यात विजया लवाटे यांनी १९९७ मध्ये 'मानव्य' ही संस्था स्थापन केली. तिचा निवासी प्रकल्प पुण्याजवळील भूगाव येथे आहे. पंढरपूर येथे मंगल शहा यांनी २००१ मध्ये प्रभा हिरा प्रतिष्ठानचा 'पालवी' हा प्रकल्प सुरू केला. गोठ्यात टाकून दिलेल्या दोन लहान मुलींचा सांभाळ हा त्याचा आरंभ होता. बीड जिल्ह्यातील पाली येथे दत्ता व संध्या बारगजे 'इन्फंट इंडिया' ही संस्था चालवतात.

लातूर जिल्ह्यातील हासेगाव (ता. औसा) येथे रवी बापटले यांनी २००७ मध्ये 'सेवालय' सुरू केले. २००९ मध्ये तेथील मुलांना गावच्या जिल्हा परिषद शाळेत प्रवेश मिळाल्यावर इतर पालकांनी आपली मुले शाळेत पाठवणे थांबवले. या बहिष्काराची देशभर चर्चा झाली. अठरा वर्षांवरील मुलामुलींसाठी संस्थेने 'हॅप्पी इंडियन व्हिलेज' ही वसाहत उभारली. तिच्या नावाची इंग्रजी आद्याक्षरे 'एचआयव्ही' अशी होतात.

कायदेशीर चौकट

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ नुसार मुलांचा सांभाळ करणाऱ्या प्रत्येक संस्थेची नोंदणी बंधनकारक आहे. संस्थेस मुलाला परस्पर ठेवून घेता येत नाही; जिल्ह्याच्या बालकल्याण समितीच्या आदेशानेच प्रवेश होतो. याच अधिनियमाच्या कलम ७४ अन्वये अशा मुलाचे नाव, पत्ता, शाळा किंवा छायाचित्र प्रसिद्ध करणे दंडनीय आहे.

एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. तो शिक्षण, निवास, नोकरी व उपचार यांतील भेदभावास मनाई करतो आणि संमतीशिवाय कोणाचीही एचआयव्ही स्थिती उघड करण्यास प्रतिबंध करतो. बाधित कुटुंबाचा सांभाळ करणाऱ्या, १२ ते १८ वयोगटातील पुरेशी समज असलेल्या भावंडास लहान भावंडाचा पालक म्हणून काही बाबतींत मान्यता देण्याची तरतूदही त्यात आहे.

परदेशस्थ देणगीदारांच्या बाबतीत परकीय अंशदान (विनियमन) कायदा लागू होऊ शकतो. परकीय अंशदान केवळ त्या कायद्याखाली नोंदणीकृत संस्थेस स्वीकारता येते. २०२० च्या दुरुस्तीनंतर ते भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच जमा व्हावे लागते.

शासकीय योजना

नातेवाइकांकडे राहणाऱ्या मुलांसाठी महाराष्ट्र शासनाची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. तिच्या लाभार्थ्यांत एचआयव्हीबाधित मुलांचा समावेश होतो. २०२३ मध्ये तिचे अनुदान दरमहा १,१०० रुपयांवरून २,२५० रुपये करण्यात आले. केंद्राच्या 'मिशन वात्सल्य' अंतर्गत पात्र मुलास दरमहा ४,००० रुपयांचे प्रायोजकत्व मिळू शकते.

मर्यादा व आक्षेप

देणगीदारास मुलाची ओळख, छायाचित्र व प्रगतीची माहिती हवी असते. मात्र त्या माहितीतूनच मुलाचा आजार गावात, शाळेत वा पुढे विवाहाच्या वेळी उघड होण्याचा धोका असतो. यावर उपाय म्हणून एका मुलाच्या नावे देणगी न घेता सामाईक निधी उभारण्याचा पर्याय मांडला जातो. त्यामुळे प्रायोजक मिळालेली व न मिळालेली मुले असा भेदही टळतो.

दुसरा आक्षेप संस्थात्मक निवासावर आहे. बाल न्याय अधिनियमाच्या तत्त्वांनुसार संस्थेत ठेवणे हा अंतिम पर्याय असावा. वर उल्लेखिलेल्या संस्था पश्चिम महाराष्ट्र व मराठवाड्यात आहेत. राज्याच्या पूर्व टोकाला, छत्तीसगडच्या सीमेलगत असलेल्या गोंदिया जिल्ह्यातील देवरी तालुक्यासारख्या भागातील मुलास तेथे पाठवल्यास ते आजीआजोबा, भावंडे व ओळखीच्या परिसरापासून शेकडो किलोमीटर दूर जाते. अशा वेळी नातेवाइकांच्या घरीच आहार, प्रवास व शिक्षणाचा खर्च पुरवणे हा कायद्याच्या तत्त्वाशी अधिक सुसंगत मार्ग ठरतो. तथापि, सांभाळण्यास कोणीच तयार नसलेल्या मुलांसाठी निवासी संस्थांची गरज कायम राहते.

तिसरा प्रश्न वयाचा आहे. अठराव्या वर्षी बालगृहातील वास्तव्य संपते व अनुरक्षण साहाय्य साधारणतः २१ वर्षांपर्यंतच मिळते. औषधे मात्र आयुष्यभर घ्यावी लागतात. लहान मुलांसाठी देणगी मिळवणे तुलनेने सोपे असते. उच्च शिक्षण, रोजगार व विवाह या टप्प्यांवरील तरुणांसाठी ती मिळवणे अवघड जाते.