ओबामा, बराक : इलिनॉय सिनेटमधील मतदान

अमेरिकेचे ४४ वे राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा हे १९९७ ते २००४ या काळात इलिनॉय राज्याच्या सिनेटमध्ये शिकागोच्या दक्षिण भागाचे प्रतिनिधी होते. सुमारे चार हजार मतांपैकी १२९ वेळा त्यांनी ‘हो’ किंवा ‘नाही’ न म्हणता ‘उपस्थित’ अशी नोंद केली. ५९ सदस्यांच्या या सभागृहात विधेयक मंजूर व्हायला ३० ‘हो’ लागतात; त्यामुळे ‘उपस्थित’ हे मत प्रत्यक्षात विरोधातच जाते. शाळेजवळ गोळीबार करणाऱ्या अल्पवयीनांवर प्रौढांप्रमाणे खटला चालवण्याच्या १९९९ मधील विधेयकावर आणि गर्भपातविषयक काही विधेयकांवर त्यांनी हाच मार्ग धरला. विरोधकांनी याला पळवाट म्हटले. सभागृहातील रूढ डावपेच म्हणून त्याचे समर्थनही झाले, पण मतदाराला आपल्या प्रतिनिधीची भूमिका त्यातून कळत नाही, हा आक्षेप रास्तच आहे.

त्यांचे भरीव काम २००३ मधले. खुनाच्या गुन्ह्यातील पोलीस चौकशीचे ध्वनिमुद्रण वा चित्रीकरण सक्तीचे करणारा कायदा त्यांनी पुढाकार घेऊन मंजूर करून घेतला. पोलीस रस्त्यात ज्या वाहनचालकांना अडवतात, त्यांच्या वंशाची नोंद ठेवणेही त्यांच्याच प्रयत्नाने बंधनकारक झाले. कबुलीजबाबासाठी होणारी मारहाण आणि कृष्णवर्णीयांवरचा सरसकट संशय, या दोन्ही जुन्या दुखण्यांवर हे नेमके उपाय होते.

पर्यावरणाच्या बाबतीत हीच ठाम भूमिका दिसत नाही. दक्षिण इलिनॉयमध्ये कोळशाच्या खाणी असल्याने कोळसा उद्योगाला मदत करणाऱ्या विधेयकांना त्यांनी पाठिंबा दिला. पुढे राष्ट्राध्यक्ष असताना, २०१५ मध्ये, त्यांच्याच प्रशासनाने वीजकेंद्रांच्या कार्बन उत्सर्जनावर मर्यादा घालणारे नियम जाहीर केले.