रोखलेले बिल: ठेक्याच्या सहा ओळींवर भाष्य

रायपूरच्या बूढापाऱ्यात, बूढा तालाबाच्या काठी, कित्येक वर्षे शहराचे धरणास्थळ होते. मानधन थकलेल्यांचे, नोकरीत कायम करा म्हणणाऱ्यांचे मांडव तिथे पडत. पुढे ती जागा नवा रायपूरकडे तूता गावाजवळ हलवली गेली. बांधकामाच्या छोट्या ठेकेदाराला असा मांडव घालणे परवडत नाही. पैसे त्याचेही अडकतात, पण पुढचे टेंडर त्याच कार्यालयातून निघते आणि पुढचे मोजमापही त्याच अभियंत्याच्या हातात असते. त्याचे गाऱ्हाणे रस्त्यावर येत नाही, करारातच पडून राहते. म्हणून इथे करारच वाचायला घेतला आहे.

पुढच्या ओळी कोणा एका करारातून उचललेल्या नाहीत. देयकाविषयी जे सर्रास लिहिलेले असते, त्याचा आशय मी माझ्या शब्दांत मांडला आहे. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो: काम वाईट असेल तर पैसे रोखण्याचा हक्क मालकाला आहेच, पण किती रोखले, कशासाठी आणि कधीपर्यंत, हे लेखी कळवल्याशिवाय तो हक्क वापरता येऊ नये.

ओळ १. चालू देयक मोजमाप पुस्तकातील नोंदीनुसार दिले जाईल.

केलेल्या कामाचे पैसे मिळतात असे आपण समजतो. मिळतात ते नोंदलेल्या कामाचे. मोजमाप पुस्तक, म्हणजे साइटवरच्या भाषेत एमबी, हे पानांना क्रमांक घातलेले जाड पुस्तक. त्यात कामाची बाब, नग, लांबी, रुंदी, खोली आणि शेवटी परिमाण. कनिष्ठ अभियंता नोंद करतो, वरचा अधिकारी काही भाग पुन्हा मोजून सही करतो, मग बिल पुढे सरकते. पायाचा खड्डा खणला, खाली काँक्रीट घातले, सळई बांधली, फुटिंग भरले आणि माती लोटली, की मोजायला वर काही उरत नाही. त्या दिवशी एमबी साइटवर आली नसेल, तर ठेकेदाराच्या हाती फोटो आणि सिमेंटची चलने एवढेच राहते. पैसे रोखण्याची पहिली जागा ही आहे. इथे कोणी नकार देत नाही. नोंद तेवढी होत नाही.

नोंदीबाहेरच्या कामाचे काय? बंगालमध्ये १९४४ साली एका ठेकेदाराने नागरी पुरवठा खात्याच्या सांगण्यावरून आरामबाग इथे गोदामे वगैरे बांधली. खात्याने ती वापरली आणि करार रीतसर झाला नव्हता म्हणून पैसे नाकारले. हे प्रकरण पश्चिम बंगाल राज्य विरुद्ध बी. के. मंडल अँड सन्स या नावाने सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. करार कायद्याच्या कलम ७० प्रमाणे, फुकट करण्याचा हेतू नसलेले काम दुसऱ्याने स्वीकारून त्याचा लाभ घेतला, तर त्याची भरपाई द्यावी लागते, असे न्यायालयाने ठरवले. तोंडी सांगितलेल्या जादा कामाला आजही हाच आधार आहे. मात्र तो मिळवायला १९४४ च्या कामाला १९६१ साल उजाडले होते.

ओळ २. देयक निधीच्या उपलब्धतेनुसार अदा केले जाईल. विलंबाबद्दल व्याज मिळणार नाही.

सर्वात अन्यायाची ओळ हीच, असे माझे स्पष्ट मत आहे. ठेकेदाराला मुदत पाळावी लागते, उशीर झाला तर दंड भरावा लागतो. देणाऱ्याला मात्र मुदतच नाही. महाराष्ट्रात २०२५ साली ठेकेदार संघटनांनी राज्य सरकारकडील थकबाकी ८९,००० कोटी रुपयांच्या घरात सांगितली. त्यात जलजीवन मिशनची कामे होती. महाराष्ट्रात आणि छत्तीसगडमध्ये या योजनेचा खर्च केंद्र आणि राज्य निम्मा-निम्मा उचलतात, म्हणजे निधी अडण्याच्या जागाही दोन. निधीची तरतूद पाहण्याआधी कामाचा आदेश काढायचा आणि त्या चुकीचे ओझे गावोगाव पाइप टाकणाऱ्यावर लादायचे, याला निधीची अडचण म्हणता येणार नाही. हे ठेकेदाराकडून न विचारता घेतलेले बिनव्याजी कर्ज आहे.

कायद्याने काहीच केले नाही असे नाही. केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या ऑक्टोबर २०२१ च्या सूचनांप्रमाणे चालू बिलाच्या देय रकमेपैकी किमान ७५ टक्के रक्कम १० कामकाजी दिवसांत आणि उरलेली तपासणी करून २८ कामकाजी दिवसांत द्यायची आहे. या सूचना केंद्राच्या कामांसाठी आहेत. २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा तर आणखी कडक आहे: सूक्ष्म व लघु उद्योगाला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. बँक दर ६ टक्के धरला तर व्याज १८ टक्के होते. पण मुंबई उच्च न्यायालयाने माल आणि मजुरी एकत्र असलेला बांधकामाचा ठेका, म्हणजे वर्क्स कॉन्ट्रॅक्ट, या कायद्याच्या पुरवठ्यात बसत नाही असा निर्णय दिला आहे. त्यामुळे उद्यम नोंदणीचे प्रमाणपत्र भिंतीवर लावलेल्या ठेकेदारालाही या व्याजाची खात्री उरत नाही.

आयकर कायद्यात कलम ४३ब मध्ये भर घालून, सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत न देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजा मिळणार नाही अशी तरतूद २०२४-२५ च्या कर आकारणी वर्षापासून आली. खासगी बिल्डरला ती बोचते. सरकारी खाते आयकर भरत नाही, त्याला ती लागतच नाही.

व्याज मिळणार नाही असे करारात स्पष्ट लिहिले असेल, तर वाद चालू असतानाच्या काळाचे व्याज लवादालाही देता येत नाही. जयप्रकाश असोसिएट्स विरुद्ध टिहरी हायड्रो या २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे सांगितले आहे. म्हणून सही करण्याआधी वाचायची ओळ ही.

ओळ ३. प्रत्येक देयकातून सुरक्षा ठेव कापली जाईल आणि दोषदायित्व कालावधीनंतर परत केली जाईल.

दोषदायित्व कालावधी म्हणजे काम संपल्यावर निघालेले दोष ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायची मुदत. ही ओळ योग्य आहे. पहिल्या पावसात गळणाऱ्या छताची दुरुस्ती कोणाच्या पैशांनी करायची, हा प्रश्न खरा आहे. तक्रार एवढीच की कापणे आपोआप होते, परत मिळवायला अर्ज करावा लागतो.

ओळ ४. या किंवा अन्य कामापोटी ठेकेदाराकडून येणे असलेली रक्कम या देयकातून वळती करता येईल.

'येणे असलेली' हे कोण ठरवणार? युनियन ऑफ इंडिया विरुद्ध रमण आयर्न फाउंड्री या १९७४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की नुकसानभरपाईचा दावा सिद्ध होईपर्यंत ते कर्ज नव्हे; सरकारने स्वतःच आकडा ठरवून दुसऱ्या ठेक्याच्या बिलातून तो कापायचा नाही. १९८३ मध्ये कमालुद्दीन अन्सारी प्रकरणात मोठ्या पीठाने ही भूमिका बदलली. करारातली अट तशी असेल तर सरकारला रक्कम रोखून धरता येते आणि न्यायालय मनाईहुकमाने ती सोडवू शकत नाही, असे ठरले. कायदा म्हणून १९८३ चा निकाल मानावा लागतो. न्याय म्हणून मला १९७४ चा पटतो, कारण त्यात फिर्यादी स्वतःच न्यायाधीश होत नाही.

इंग्लंडमध्ये यावर उपाय निघाला आहे. तिथल्या १९९६ च्या बांधकामविषयक कायद्याप्रमाणे कमी पैसे द्यायचे असतील, तर ठरलेल्या तारखेआधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि तिच्यात रक्कम व तिचा आधार सांगावा लागतो. नोटीस नसेल तर देय झालेली रक्कम आधी द्यायची आणि नंतर भांडायचे. आपल्याकडे एवढी एक तरतूद आली तरी अर्धे वाद कमी होतील.

ओळ ५. उपठेकेदाराला मुख्य ठेकेदाराकडे पैसे आल्यानंतर पैसे मिळतील.

जुलै २०२५ मध्ये सांगली जिल्ह्यात जलजीवनचे काम करणाऱ्या एका तरुण ठेकेदाराने आत्महत्या केली. थकलेल्या बिलांची आणि कर्जाची चर्चा झाली, तेव्हा सरकारकडून उत्तर आले की त्याच्या नावे ठेकाच नाही, तो उपठेकेदार असावा. काम दिसते आहे आणि करणारा कागदावर नाही, ही स्थिती याच ओळीने तयार होते. इंग्लंडच्या त्याच कायद्याने, वरचा मालक दिवाळखोर झाल्याची स्थिती वगळता, अशी अट निष्प्रभ ठरवली आहे.

मजुराला थोडे संरक्षण आहे. ठेकेदाराने मजुरी दिली नाही तर ती मुख्य मालकाने द्यावी, ही जबाबदारी १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होती आणि नव्या श्रम संहितेतही आहे. कौटिल्यानेही वेतन न देणाऱ्याला दहावा हिस्सा किंवा सहा पण दंड सांगितला, आणि देणेच नाकारणाऱ्याला त्याहून जास्त. पण रायपूरच्या साइटवर घमेले उचलणारी रेजा, म्हणजे मजूर बाई, मजुरीचा हा हक्क मागायला जाते कुठे? ती उपठेकेदाराच्या दारात जाते, आणि तो तिला वरच्याचे नाव सांगतो.

ओळ ६. अंतिम देयक स्वीकारताना ठेकेदाराने ना-दावा प्रमाणपत्र द्यावे.

बँकेचा हप्ता तोंडावर असताना माणूस कशावरही सही करतो. अंबिका कन्स्ट्रक्शन (२००६) आणि बोघारा पॉलिफॅब (२००८) या निकालांत सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले, की दडपणाखाली दिलेले असे प्रमाणपत्र दाव्याची वाट कायमची बंद करत नाही. दडपण मात्र सिद्ध करावे लागते. नुसते सांगून चालत नाही. म्हणून बिल द्याल तेव्हा आवक शिक्का घ्या, जादा कामाचा आदेश पत्राने मागा, आणि सही करावीच लागली तर हरकत त्याच दिवशी लेखी नोंदवा.

छत्तीसगडच्या सरकारी ठेक्यांसाठी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. हे वाद खासगी लवादाकडे जात नाहीत. १९८३ च्या माध्यस्थम अधिकरण अधिनियमाखाली रायपूरच्या अधिकरणाकडे जातात, आणि राज्याचा हा कायदाच चालेल असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एल. जी. चौधरी इंजिनिअर्स प्रकरणात पक्के केले. आधी करारातल्या अंतिम प्राधिकाऱ्याकडे दावा द्यावा लागतो. त्याचा निर्णय कळल्यापासून एक वर्षात अधिकरणाकडे जायचे. प्राधिकाऱ्याने सहा महिन्यांत निर्णयच दिला नाही, तर ते सहा महिने संपल्यापासून एक वर्षात.