मोफत खाटेचा हिशेब

धर्मादाय रुग्णालय म्हटलं की आपल्यापुढे दोनच चित्रं येतात. एक, फकिरीत काम करणारा देवमाणूस डॉक्टर. दुसरं, गरिबाला दारातून परत पाठवणारं चकचकीत इस्पितळ. दोन्हींत एक साधा प्रश्न राहून जातो: मोफत खाटेचे पैसे कोण देतं? खाट रुग्णासाठी मोफत असते. औषधवाला, वीजमंडळ आणि परिचारिका यांच्यासाठी नसते.

मी परभणीचा. आमच्याकडे दुखणं हाताबाहेर गेलं की माणसं नांदेड नाहीतर छत्रपती संभाजीनगर गाठतात. गरिबांसाठीची संस्था नेमकी गरीब मुलुखातच का तग धरत नाही, हे समजून घ्यायला मला मिरजेपर्यंत मागे जावं लागलं.

विल्यम वॉनलेस या कॅनडात जन्मलेल्या मिशनरी डॉक्टरचं रुग्णालय १८९४ मध्ये मिरजेत सुरू झालं. इमारतीला पैसा फिलाडेल्फियाचे उद्योगपती जॉन कॉन्व्हर्स यांनी दिला. पण दानातून इमारत उभी राहते, रोजचा खर्च भागत नाही. तो भागवायची रीत सरळ होती: ऐपतदाराकडून फी घ्यायची आणि तीतून गरिबाचे उपचार करायचे. वॉनलेस यांच्या शस्त्रक्रियांचा लौकिक दूरवर पोचला होता आणि मिरज रेल्वेचं जंक्शन होतं. त्यामुळे फी देणारे आणि न देणारे एकाच दारी येत. सेवाभावाइतकंच या मिश्रणानेही रुग्णालय चालवलं.

हेच गणित पुढे कायद्यात उतरलं. १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या ४१ कक कलमाखाली धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बलांसाठी सवलतीत ठेवायच्या आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेने खर्चाची सोयही सांगितली: बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकायची.

आता हा हिशेब परभणीत मांडून पाहा. वर्षाला ५० कोटींची बिलं करणाऱ्या पुण्या-मुंबईच्या रुग्णालयाकडे निधीत १ कोटी जमतील. २ कोटींची बिलं करणाऱ्या तालुक्याच्या रुग्णालयाकडे जमतील ४ लाख. गरीब मात्र दुसऱ्याच्याच दारात जास्त. कोरडवाहू शेतकरी, ऊसतोडीला जाणारी कुटुंबं, शेतमजूर यांच्यात कोणाच्या फीमधून कोणाचा खर्च काढायचा?

जामखेडला १९७० मध्ये रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी हा प्रश्नच उलटा केला. खाटेचा खर्च कोण देणार यापेक्षा माणूस खाटेपर्यंत येऊच नये यासाठी काय करता येईल, हे त्यांनी पाहिलं. गावातल्याच, बऱ्याचशा निरक्षर बायकांना त्यांनी आरोग्याचं शिक्षण दिलं. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण अडलेल्या बाळंतिणीला शेवटी शस्त्रक्रियागृह लागतंच, आणि तिथला खर्च उरतोच.

२०१२ मध्ये सुरू झालेली आणि पुढे महात्मा फुले यांचं नाव मिळालेली जन आरोग्य योजना ही पोकळी भरायला आली. शेतीसंकटाच्या १४ जिल्ह्यांत पांढरं रेशनकार्ड असलेल्या शेतकऱ्यांनाही तिच्यात घेतलं; त्यांत परभणी आहे. ही मोठी गोष्ट आहे. मात्र योजना ठरलेल्या उपचाराचे ठरलेले दर देते, तेही उपचारानंतर, कागद तपासून. मोठ्या साखळी रुग्णालयाला ही वाट पाहणं परवडतं. छोट्या विश्वस्त संस्थेला त्याच महिन्यात पगार करायचे असतात. शिवाय मधुमेहाच्या रोजच्या गोळ्या, साधा ताप, बाह्यरुग्ण विभागातली रांग यांना पॅकेज नाही.

म्हणजे दाता गेला, ऐपतदार रुग्ण शहराकडे गेला आणि सरकार आलं ते केवळ ठरलेल्या उपचारांपुरतं. दवाखाना रात्री उघडा ठेवण्याचे पैसे मात्र यांपैकी कोणीच देत नाही. गरीब जिल्ह्यात धर्मादाय रुग्णालय टिकवायचं असेल तर केसमागे पैसे मोजून चालणार नाही. कोणी दाखल होवो न होवो, डॉक्टर आणि परिचारिका हजर राहण्यासाठी वर्षाचा ठरावीक निधी द्यावा लागेल. अग्निशमन दलाला आपण आगीमागे पैसे देत नाही.