आधी तपासणी की आधी प्रसिद्धी?

एकमेकांना कधीही न भेटलेली माणसे मिळून सॉफ्टवेअर घडवतात. हे काम कुठे करावे, सर्वांना खुल्या विकीवर की मोजक्यांच्या खासगी रिपॉझिटरीत (कोड आणि त्यातील बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या भांडारात), हा या पुस्तकाचा विषय आहे. प्रोग्रामिंग न येणाऱ्या वाचकाचेही येथे स्वागत आहे.

मार्च १९९५मध्ये वॉर्ड कनिंगहॅम यांनी पहिली विकी सुरू केली. प्रोग्रामरांनी आपले अनुभव लिहावेत आणि इतरांनी त्यांत भर घालावी, हा तिचा हेतू होता. लिनक्स या ऑपरेटिंग प्रणालीच्या कामासाठी वापरल्या जाणाऱ्या बिटकीपर या कोडमधले बदल सांभाळणाऱ्या साधनाची मोफत वापराची सवलत बंद झाली, तेव्हा एप्रिल २००५मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी रिपॉझिटरी सांभाळणारे गिट लिहिले. कोणी काय बदलले, हे दोन्हींत दिसते. फरक आहे तो तपासणीच्या वेळेत. विकीवर बदल लगेच प्रसिद्ध होतो आणि चूक मागाहून दुरुस्त होते. रिपॉझिटरीत तो सहसा वेगळ्या ब्रँचवर, म्हणजे कामाच्या समांतर प्रतीत, थांबतो आणि सहकाऱ्यांनी वाचल्यावरच मुख्य कोडमध्ये मिसळतो, म्हणजे मर्ज होतो. शिवाय विकी प्रत्येक पानाचा इतिहास स्वतंत्र ठेवते, तर गिटचा एक कमिट (बदलांची नोंद) अनेक फायलींतले बदल एकत्र नोंदवतो. लेखाला पहिली सोय पुरते. परस्परांवर अवलंबून असलेल्या फायलींना दुसरी लागते.

विकिपीडियात या दोन्ही पद्धती शेजारी नांदतात. तिचे मीडियाविकी हे सॉफ्टवेअर २०१२पासून गिटमध्ये आहे आणि त्यातला बदल तपासणीनंतरच स्वीकारला जातो. अनेक लेखांत वापरले जाणारे साचे आणि लुआ भाषेतले छोटे प्रोग्राम (मोड्यूल) मात्र विकीच्याच पानांवर लिहिले जातात. साचा चुकला तर लेखाची मांडणी बिघडते. संकेतस्थळभर चालणारी जावास्क्रिप्टही अशाच पानांवर असते, पण ती थेट वाचकाच्या ब्राउझरमध्ये चालते, त्यामुळे तिच्यातल्या खोडसाळ बदलाने लोकांची खातीच धोक्यात येतात. म्हणून २०१८मध्ये जावास्क्रिप्टची पाने बदलण्याचा हक्क सर्वसाधारण प्रचालकांकडून काढून मोजक्या संपादकांपुरता ठेवला गेला. तत्त्वाने खुल्या असलेल्या प्रकल्पानेही धोका पाहून दार अरुंद केले.

खासगीपणाचा प्रश्न याहून निराळा आहे. लिनक्सची रिपॉझिटरी जगाला खुली आहे, आणि एखाद्या कंपनीची विकी बाहेरच्यांना बंद असू शकते. जानेवारी २०१९मध्ये रिपॉझिटरी ठेवण्याची सेवा देणाऱ्या गिटहबने मोफत खात्यांनाही मोजक्या सहकाऱ्यांसह खासगी रिपॉझिटरी दिल्या, तेव्हा लहान गटांपुरता खासगीपणासाठी पैसे मोजण्याचा मुद्दाही मागे पडला. निवड करताना एक गोष्ट विसरू नये: खासगी काम पुढे खुले करता येते, पण खुले झालेले परत झाकता येत नाही. कमिटमध्ये गेलेला पासवर्ड नंतर खोडला तरी इतिहासात राहतो. तो बदलणे हाच खरा उपाय. दुसरीकडे, दार बंद केले की चुका शोधणारे डोळेही कमी होतात.

पुढील प्रकरणे कोणत्याही क्रमाने वाचता येतील. प्रत्येक उदाहरणाशी थांबून वाचकाने एवढेच विचारावे: इथे चूक झाली, तर ती कोणाला आणि किती काळ भोगावी लागेल? साधनाची निवड त्या उत्तरावरून करावी.