दयेला लाभलेले घर : जालना, केडगाव आणि औरंगाबाद

मराठी ख्रिस्ती साहित्याचा विचार बहुधा दोनच टोकांनी झालेला आहे. धर्मप्रसाराचे साधन म्हणून त्याची बोळवण तरी केली जाते, किंवा रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या काव्यातील भक्तिपरंपरेचे सातत्य दाखवून त्याला मराठीपणाचे प्रशस्तिपत्र तरी दिले जाते. या दोन्ही भूमिकांत एक प्रश्न निसटतो. खचलेल्या, मोडून पडलेल्या माणसाकडे पाहण्याची जी दृष्टी या परंपरेतून मराठीत आली, तिचे स्वरूप नेमके काय होते? दया हा शब्द मराठीला नवा नव्हता. संतांनी भूतदयेला धर्माच्या केंद्रस्थानी आणले होते. तथापि एकोणिसाव्या शतकात या भावनेला शेत, शाळा आणि छापखाना लाभला, म्हणजेच संस्थेचे शरीर लाभले. या स्थित्यंतराचा आरंभ शोधताना मराठवाड्याकडे वळावे लागते.

१८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा अल्पवयीन भाऊ श्रीपत न्यायालयाच्या निर्णयाने वडिलांकडे परत आला. पण मिशनऱ्यांच्या घरी राहिल्यामुळे तो भ्रष्ट झाला असे सनातन्यांचे म्हणणे पडले. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याच्या शुद्धीचा पुरस्कार केला, तेव्हा त्यांनाही समाजाचा रोष पत्करावा लागला. एक भाऊ कायमचा तुटला आणि दुसऱ्याला परतीची वाट जवळजवळ बंद झाली. हेच नारायण शेषाद्री पुढे निजामाच्या राज्यातील जालन्यास मिशनकार्यासाठी आले. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होते. हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल ही वसाहत उभारली. तेथे प्रामुख्याने अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील ख्रिस्ती कुटुंबे वसली. गावकुसाबाहेरच्या माणसाला येथे भिक्षा नव्हे, राहण्याची जागा आणि उपजीविका देऊ केली गेली, ही या प्रयोगातील मूलगामी बाब होय. मात्र वसाहतीचे नाव हिब्रू होते. या दयेला अद्याप मराठी नाव मिळाले नव्हते.

ते नाव पंडिता रमाबाईंनी दिले. १८७० नंतरच्या दशकातील दुष्काळी वणवणीत रमाबाईंचे आईवडील आणि थोरली बहीण दगावली. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा महाराष्ट्रात उठलेल्या वादळात जोतीराव फुले यांनी ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली. १८८९ मध्ये त्यांनी विधवांसाठी मुंबईत शारदा सदन काढले. पुढे ते पुण्यास हलले. तेथील मुली ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या जात असल्याच्या आक्षेपावरून १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर प्रभृती सल्लागारांनी संस्थेशी संबंध सोडला. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन परतल्या. त्यांच्यासाठी पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे मुक्ती सदन उभे राहिले. समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन, वृद्ध व अपंग स्त्रियांसाठी प्रीती सदन अशी घरे पुढे त्याला जोडली गेली.

शारदा, मुक्ती, कृपा, प्रीती हा नामक्रम अभ्यासकांनी गांभीर्याने घ्यावयास हवा. विद्येच्या देवतेपासून निघालेला हा प्रवास भक्तिसंप्रदायाच्या परिभाषेतून जातो आणि अखेर घरगुती जिव्हाळ्याच्या शब्दापाशी थांबतो. मोक्षवाचक शब्द दुष्काळातून वाचलेल्या मुलीच्या निवाऱ्याला दिला गेला, तेव्हा त्याच्या अर्थात अन्न, वस्त्र आणि अक्षर यांचाही समावेश झाला. त्याच दृष्टीने रमाबाईंचे बायबल भाषांतरही पाहता येते. संस्कृत पांडित्यासाठी ‘सरस्वती’ ही पदवी मिळविलेल्या या विदुषीने मूळ हिब्रू व ग्रीकवरून भाषांतर करताना अल्पशिक्षित स्त्रीला समजेल अशी मराठी हेतुपुरस्सर निवडली. छपाईचे काम आश्रमातील स्त्रियांनी केले. १९२२ मध्ये रमाबाई निवर्तल्या. ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या पांडित्याचा भार वाचकावर पडू न देणे, हे सौजन्य त्या भाषेच्या घडणीतच आहे.

लक्ष्मीबाई टिळकांनी या दृष्टीला वाङ्मयीन रूप दिले. १८९५ मध्ये पतीने धर्मांतर केल्यावर त्या एकाकी पडल्या. कालांतराने त्यांनी पुन्हा संसार मांडला आणि १९०० मध्ये स्वतः बाप्तिस्मा घेतला. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत आलेल्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये निराधारांना घरी आणणारे, हातचे देऊन टाकणारे टिळक दिसतात, पण त्या औदार्यापायी घरातल्या बाईची होणारी ओढाताणही तितकीच स्पष्ट दिसते. दयेची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न लक्ष्मीबाई तक्रारीच्या सुरात न मांडता विनोदाच्या अंगाने मांडतात. जातिभेद मनुष्यकृत असल्याची जाणीव त्यांना होते, तीही तत्त्वचर्चेतून नव्हे, स्वतःच्या सोवळ्याशी झालेल्या झगड्यातून. प्रथम स्वतःवर हसता येत असल्यामुळे त्यांच्या गद्यात दुसऱ्याच्या दुबळेपणाला तुच्छता चिकटत नाही.

या परंपरेवरील सर्वांत मर्मभेदी आक्षेप जालन्यापासून साठेक किलोमीटरवरील औरंगाबादेतून, आजच्या छत्रपती संभाजीनगरातून, उभा राहिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये तेथे महाविद्यालय सुरू केले. पुढे त्याच शहरातून डॉ. गंगाधर पानतावणे यांचे ‘अस्मितादर्श’ निघाले. या चळवळीने कणव नाकारली आणि हक्क मागितला. दयेत देणारा उंचावर आणि घेणारा खाली राहतो, हे तिचे निदान होते. बेथेल आणि केडगाव यांनाही ते लागू पडते. या इतिहासात कर्ते बोलतात. आश्रित मात्र बहुधा इतरांच्या वृत्तान्तातून दिसतात. शिवाय अन्न देणाऱ्या हाताने धर्मही पुढे केला असता भुकेल्याच्या संमतीला कितपत अर्थ उरतो, हा १८९३ च्या वादातील प्रश्न केवळ सनातनी म्हणून झटकता येत नाही.

तरीही आक्षेपाने हिशेब पुरा होत नाही. शेषाद्री कुळाला, रमाबाई आप्तांना आणि लक्ष्मीबाई काही काळ संसारालाच अंतरल्या होत्या. त्यांची करुणा सुस्थित माणसाचे दातृत्व नव्हती. तुटण्याचा अनुभव तिच्या मुळाशी होता. म्हणूनच तिने निवाऱ्यावर न थांबता जमीन, व्यवसाय आणि अक्षर यांची जोड दिली. हक्काची भाषा बोलण्यासाठी माणसाला प्रथम जिवंत राहावे लागते आणि मग वाचावे-लिहावे लागते. मराठी ख्रिस्ती करुणेचे मूल्यमापन याच निकषावर व्हावयास हवे: तिने किती अश्रू पुसले यापेक्षा, ज्याचे अश्रू पुसले त्याला तिच्याशीही वाद घालण्याइतके बळ दिले की नाही.